बावीस खांब

"कॉलेजातून लेटर आलाय," रविवारी दुपारी जेवताना हरेश म्हणाला. "आमच्या पायलिंगमुळं त्यांच्या कुठल्या लॅबमदी मशीन हलतं म्हणं. कोण बाई हाय, तिनं प्रिन्सिपलकडं कंप्लेंट केली. बिल्डरनं लेटर माज्या हातात दिला आन् बोलला, तुजा गाव, तुज्या ओळखी, तूच मिटव."

"बाईला काय कामधंदा नाय काय?" तव्यावरची भाकरी उलटत मालू म्हणाली. मालू म्हणजे हरेश आणि मनस्वीची आई.

मनस्वीने हातातला घास ताटात ठेवला.

"दादा, ती बाई मीच हाय."

हरेश आधी हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून थांबला. आई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

पनवेलजवळच्या कोन गावातल्या त्या घरात मनस्वीच्या अभ्यासाचा सगळ्यांना अभिमान होता, पण ती नेमकं काय करते हे कुणी विचारत नसे. एम.टेक. झालं, आता पीएच.डी. चालू आहे, एवढं सांगितलं की पाहुण्यांचंही समाधान होई. हरेश तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो बारावीत होता. तो डंपरवर चढला तो पुन्हा वर्गात बसलाच नाही. आता त्याच्याकडे पायलिंगची दोन मशीनं होती. तीन पायांची उंच तिपाई, तिच्यावरून विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, वर ओढून टनभर वजनाची लोखंडी छिन्नी खड्ड्यात आदळायची, खडक फोडत खाली जायचं, आणि मग त्या खड्ड्यात इमारतीचा खांब भरायचा. सुकापूरच्या अलीकडे, मनस्वीच्या कॉलेजच्या कुंपणाला लागून, चौदा मजली इमारतीचं काम त्याला मिळालं तेव्हा त्याने पेढे आणले होते. "आता रोज माज्याबरोबर गाडीवरून ये," तो म्हणाला होता. ती रोज त्याच्या मागे बसून जात होती. तो कुंपणापलीकडे उतरायचा, ती अलीकडे. तासाभराने पहिला दणका ऐकू यायचा.

सहा महिने ती गप्प राहिली होती.

"आदी का नाय बोलली?" हरेशने विचारलं.

"तुझं काम बंद कर असं कसं सांगू?"

"आन् लेटर कसा लिवला?"

"नाव नाही घातलं तुझं. बिल्डर चार-पाच दिवस तरी थांबेल असं वाटलं." तिने ताट दूर सारलं. "दादा, माझ्याकडे बावीसच खांब उरलेत."

"कसले खांब?"

मग तिने पहिल्यांदा त्याला नीट सांगितलं. तिचेही खांबच होते, पण केसाच्या जाडीत अडीचशे शेजारी शेजारी उभे राहतील एवढे बारीक. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत दीड वर्ष नंबर लावून तिने ते कोरून घेतले होते. नखाएवढ्या चकतीवर साठ खांब. एकेक खांब हिऱ्याच्या चपट्या टोकाने वरून दाबायचा आणि तो कसा दबतो याची रेघ संगणकावर घ्यायची. दाब तांदळाच्या दाण्याच्या वजनाहून कमी. एवढ्या लहान आकाराचा धातू मोठ्या तुकड्यासारखा वागत नाही, तो सरळ दबत नाही. थोडा वेळ टिकतो आणि एकदम झटका देऊन खचतो. कधी खचेल सांगता येत नाही. म्हणून गाडीच्या एअरबॅगमध्ये, मोबाइलमध्ये जे अतिसूक्ष्म भाग असतात त्यांच्यासाठी तो बेभरवशाचा ठरतो. मनस्वी आणि तिच्या मार्गदर्शक डॉ. शशिकला राजाध्यक्ष यांनी निकेलमध्ये दुसरा एक धातू ठरावीक प्रमाणात मिसळून मिश्रण केलं होतं. या मिश्रणाचे खांब झटके न देता, शांतपणे दबतात, असा त्यांचा दावा होता. सुरुवातीला दाबलेल्या सातांपैकी पाच खांबांनी तसं दाखवलंही होतं. उरलेल्या दोन खांबांनी झटके दिले, पण तेव्हा मशीन नवीन होतं, हात बसलेला नव्हता, म्हणून ते दोन सोडून दिले. त्या पाच रेघांवर परिषदेत पेपर वाचला गेला, टाळ्या पडल्या, प्रबंधाचं शीर्षक ठरलं.

त्यानंतर कुंपणापलीकडे पायलिंग सुरू झालं, आणि खांब झटके देऊ लागले. पुढचे एकतीस खांब तिने दाबले. निम्म्याहून जास्त वाया गेले.

"रात्री कर ना मग," हरेश म्हणाला. "रात्री आमी बंद असतो."

"सात वाजता कॉलेज एसीची लाइन बंद करतं, रविवारी तर दिवसभर. खोलीचं तापमान अर्धा अंश हललं तरी मशीन चुकतं. सगळं करून बघितलं रे. अठ्ठावीस फेब्रुवारीला प्रबंध द्यायचाय. मुदत दोनदा वाढवून झालीय, आता वाढत नाही. एकदा दाबलेला खांब परत दाबता येत नाही. हे बावीस गेले तर सहा वर्षं गेली."

हरेश उठला. हात धुऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तो कामाच्या कपड्यांत प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. पायांना चिखल होता म्हणून आत येईना. प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ मोहसीन याने त्याला हाताला धरून आत आणलं. "आइए भाई, चप्पल राहू द्या बाहेर. बहनकी लॅब आहे, लाजता काय?"

मोहसीनने पडद्यावर एक हिरवी रेघ लावून दिली. हिऱ्याचं टोक नुसतं हवेत धरलेलं होतं, खाली काहीच नव्हतं. रेघ सरळ जात होती. कुंपणापलीकडून दणका आला आणि रेघ थरथरली. पुन्हा दणका, पुन्हा थरथर.

"ही माजी छिन्नी?" हरेशने विचारलं.

"हीच," मनस्वी म्हणाली.

तो बराच वेळ बघत राहिला. दणका येण्याआधी त्याच्या ओठांची हालचाल व्हायची. विंच कधी सुटते हे त्याला आवाजावरून कळत होतं.

"किती दिवस पायजेत?"

"चार."

"चार दिवस बिल्डर देनार नाय. पावसाच्या आत त्याला जोतं पायजे." त्याने मान खाजवली. "विंचचा गिअर गेला बोलतो. दोनी मशीनचा. तू तुजा काम कर."

"दादा, त्याला कळलं तर?"

"ते माजा मी बघीन."

मंगळवारी सकाळी कुंपणापलीकडे शांतता होती. सहा महिन्यांत मनस्वीला प्रयोगशाळेतल्या घड्याळाची टिकटिक पहिल्यांदा ऐकू आली. तिने मोहसीनला ते घड्याळही भिंतीवरून काढायला लावलं. खोली थंड होऊन स्थिरावेपर्यंत दोघं खुर्चीवर न हलता बसले. मग तिने पहिला खांब शोधून टोक त्याच्यावर आणलं.

रेघ शांतपणे वर गेली, वळली, खाली आली. एकही झटका नाही.

दुसराही तसाच. मोहसीन हळूच "माशाअल्लाह" म्हणाला. मनस्वीने ओढणीने डोळे पुसले आणि तिसरा घेतला.

तिसऱ्याने अर्ध्या वाटेवर झटका दिला. रेघ कड्यावरून पडावी तशी तुटली.

"ट्रक गेला असेल एक्स्प्रेसवेवर," मोहसीन म्हणाला.

"हं," ती म्हणाली. चौथा नीट गेला. पाचव्याने दोन झटके दिले.

बुधवारी सहा खांब झाले. त्यातल्या चारांनी झटके दिले. तिने मोहसीनला गच्चीवरचा पाण्याचा पंप बंद करायला पाठवलं. लिफ्ट बंद करवली. शेजारच्या वर्गातले बाक हलतात म्हणून तो वर्ग दुसरीकडे हलवायची विनंती केली, तीही मान्य झाली. गुरुवारी आणखी सहा खांब दाबले. आता हिरव्या रेघेवर हवेत काहीही थरथरत नव्हतं, ती आखून काढल्यासारखी सरळ होती. आणि तरीही खांबावर टोक टेकलं की कुठेतरी, कधीतरी, तो एकदम खचत होता. शुक्रवारी उरलेले पाच दाबायचे होते. तिने माउस मोहसीनकडे दिला आणि स्वतः फक्त आकडे सांगत राहिली. शेवटच्या खांबाने झटका दिला. मोहसीन मशीनवर कापड टाकून बाहेर गेला.

बावीसपैकी तेरा खचले होते.

तिने जुनी वही काढली. पायलिंग चालू असताना दाबलेले एकतीस, त्यात अठरा. भागाकार करायची गरज नव्हती, तरी तिने केला. प्रमाण तेच होतं. छिन्नीने हिरवी रेघ थरथरत होती हे खरं, पण खांब छिन्नीमुळे खचत नव्हते. ते आपल्या धर्माने खचत होते. सहा महिने तिने प्रत्येक झटक्याची वेळ दणक्याच्या वेळेशी ताडून पाहिली होती. जुळली की वहीत लाल खूण करायची, नाही जुळली तर पान उलटायची. आता तिने न जुळलेले मोजले. ते जुळलेल्यांपेक्षा जास्त होते.

फोन वाजला. हरेश होता.

"काम झाला ना?"

"झालं," ती म्हणाली.

"चांगला झाला?"

"हो."

"बस मग," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं, पण विचारण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ती संगणकासमोर बसून होती. तिने नवीन फाइल उघडली आणि बावीसमधले न खचलेले नऊ खांब तिच्यात घेतले. पहिल्या वेळचे पाच त्यात मिळवले. चौदा बिंदू झाले. ते सगळे एका सुरेख वक्रावर बसले, जणू कुणी हाताने मांडले असावेत. खाली टीप लिहायला एक ओळ पुरली असती: शेजारच्या बांधकामाच्या कंपनांमुळे बाधित नोंदी वगळल्या आहेत. प्राचार्यांचं पत्र पुरावा म्हणून जोडता आलं असतं. तिने ती ओळ लिहिलीसुद्धा. वाचली. ओळ खोटी वाटत नव्हती, हेच तिला भयंकर वाटलं. फाइल तिने ठेवून दिली, पुसली नाही.

शनिवारी सकाळी गाडी नव्हती म्हणून ती रिक्षाने गेली. कुंपणापलीकडे लांब ट्रेलर उभा होता आणि हरेशची माणसं तिपाईचे पाय सोडवून त्याच्यावर चढवत होती. मनस्वी फाटकातून सरळ आत गेली.

"काय झालं?"

"काय नाय," हरेश म्हणाला. "बिल्डरनं काल मेकॅनिक आनला. त्यानं विंच बघितली. गिअर ठीक हाय बोलला. मग बिल्डरनं दुसरी पार्टी बोलावली. दुपारी त्यांची मशीनं येतील." तिचा चेहरा पाहून तो घाईने म्हणाला, "आग, काम मिलतात. उरणला चालू हाय कायतरी. तुजा झाला ना, बस."

"माझं नाही झालं."

"काल तर बोललीस..."

"खोटं बोलले." सभोवती माणसं होती, पण आता थांबणं तिला शक्य नव्हतं. "दादा, तुझी छिन्नी बंद असतानाही ते तसेच तुटले. तुझ्यामुळे काही होत नव्हतं. आमचं मिश्रणच तसं आहे. मी चुकले. आणि तुझं काम गेलं."

हरेशच्या हातात साखळी होती. ती त्याने हळूच खाली सोडली.

"मंजे माज्या मशीनचा काय संबंधच नव्हता?"

"नव्हता."

"आन् लेटर?"

तिने ट्रेलरकडे बघितलं.

"सहा वर्षं शिकलीस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "सहा वर्षं शिकून तुला यवडा नाय कलला? मला बोलायच्या आदी एकदा नाय बघता आला?"

"बघता आलं असतं. मी बघितलं नाही."

"जा तू," तो म्हणाला. "कॉलेजात जा. माजी मानसं बघतायत."

त्यानंतर जवळजवळ महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. घरी यायचा, जेवायचा, उठायचा. आईने दोघांना विचारून पाहिलं. दोघांनीही "काय नाय" म्हटलं.

सोमवारी मनस्वी राजाध्यक्ष मॅडमसमोर बसली. मॅडमना निवृत्त व्हायला चार महिने होते. मनस्वीने आधी ती सुरेख वक्राची फाइल उघडून दाखवली आणि मग बावीसच्या बावीस रेघा. दोन्हींमध्ये काय फरक आहे हे तिने सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पहिल्या सातांतले दोन," त्या म्हणाल्या, "ते काढून टाक असं तुला कोण म्हणालं होतं?"

"मॅडम, मशीन नवीन..."

"मी म्हणाले होते. तू विचारलं होतंस, ठेवू का म्हणून. मला आठवतंय." त्या खिडकीकडे बघत राहिल्या. बाहेर नव्या ठेकेदाराचं मशीन दणके देत होतं. "त्या पेपरबद्दल परिषदेला मी लिहीन. माझ्या नावाने लिहीन, तू लिहू नकोस."

"आणि प्रबंध?"

"एकतीस खांब धरता येणार नाहीत. कंपनं होती हे आपणच लेखी दिलंय, परीक्षक ते मानणार नाहीत. उरले एकोणतीस. एकोणतीस खांबांवर 'आमचा दावा चुकीचा निघाला' असा प्रबंध कोण मान्य करेल, मला माहीत नाही. शंभर हवेत." मॅडम थांबल्या. "मुदत मागून बघते."

विद्यापीठाच्या समितीने मुदत दिली नाही. नियमात बसत नाही, एवढंच उत्तर आलं. मॅडम स्वतः जाऊन भेटल्या, तरी तेच. मनस्वीला दोन गोष्टी करता येत होत्या: अठ्ठावीस तारखेला हातात आहे ते द्यायचं, किंवा नोंदणी रद्द होऊ द्यायची. त्या दिवशी ती कॉलेजातून निघाली आणि रिक्षा न करता चालत राहिली. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. पनवेलच्या एसटी स्टँडवर ती दोन तास बाकावर बसली. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. अलिबाग, महाड, पेण. कुठल्याही गाडीत चढावं आणि फोन बंद करून टाकावा असं तिला वाटत होतं. आईचा तिसरा फोन आला तेव्हा तिने तो घेतला. "यते," म्हणाली.

एकोणीस दिवसांत तिने प्रबंध नव्याने लिहिला. शीर्षक बदललं. साठही खांबांच्या रेघा परिशिष्टात घातल्या; वगळलेले दोन, कंपनांतले एकतीस, सगळे. ती चौदा बिंदूंची फाइल मात्र पुसून टाकली. शेवटच्या आठवड्यात तिला झोप लागत नव्हती आणि लिहिताना हात मध्येच थांबून राहायचा. आई शेजारी भाजी निवडत बसायची.

अठ्ठावीसला बांधणीवाल्याकडून प्रती आणून विद्यापीठात पोचवायच्या होत्या. ती बाहेर पडली तर हरेश गाडी चालू करून थांबला होता.

"बस," तो म्हणाला.

जुन्या पनवेलच्या बाजारातून त्यांनी पाच जाड प्रती घेतल्या. हरेशने एक उघडून चार पानं चाळली.

"यात काय लिवलाय?"

"आम्ही समजत होतो तसं नाहीये, असं."

"दोनशे पानात?"

"हो."

"एका वलीत झाला असता," तो म्हणाला आणि प्रती पिशवीत भरायला लागला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "उरणला काम लागला माजा. छोटा हाय. चाललाय."

"दादा, मी..."

"बस आता. उशीर व्हतोय."

परीक्षकांचे अहवाल जूनमध्ये आले. तोवर शिष्यवृत्ती कधीच थांबली होती आणि मनस्वी एका डिप्लोमा कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. एका परीक्षकाने प्रबंध स्वीकारला होता. दुसऱ्याने लिहिलं होतं की निष्कर्ष प्रामाणिक आहे, पण पुरावा अपुरा. किमान आणखी चाळीस नमुन्यांवर प्रयोग करून वर्षाच्या आत पुन्हा सादर करावा. तिने ते पत्र स्टाफरूममध्ये उभ्याने दोनदा वाचलं. पहिल्यांदा तिला फक्त 'अपुरा' हा शब्द दिसला. दुसऱ्यांदा 'प्रामाणिक' दिसला, पण त्याने फारसं बरं वाटलं नाही.

तिने मुंबईच्या संस्थेत फोन लावला. खांब कोरून देणाऱ्या मशीनसाठी नंबर लावायचा आहे, चाळीस खांब, असं सांगितलं. पलीकडच्या माणसाने यादी पाहिली. सध्या फेब्रुवारीपर्यंत भरलेलं आहे, म्हणाला. मधे कुणी रद्द केलं तर कळवू.

"रद्द करतात का लोक?"

"कधी कधी," तो म्हणाला. "नाव लिहू का?"

"लिहा," ती म्हणाली. नाव, फोन नंबर, कॉलेज, तिने सावकाश सांगितलं आणि त्याच्याकडून परत वाचून घेतलं. मग घंटा झाली, आणि खडू घेऊन ती दुसऱ्या वर्षाच्या वर्गाकडे गेली.